बोरोबुदूरच्या पायऱ्या

रविवार, ८ मार्च. संध्याकाळ.

कॉन्व्हेंटात शिकवते म्हणून ईस्टरची सुट्टी मिळते. तिला तीन रजा जोडल्या की इंडोनेशिया होतं. तिथल्या बोरोबुदूर स्तूपाचं चित्र आईनेच बुद्धमूर्तीशेजारी लावलेलं. एकदा तरी पाहायचं, म्हणायची. राहूनच गेलं. आता निदान बाबांना न्यावं. पण त्यांचे गुडघे! आणि चित्रात तर नुसत्या पायऱ्याच पायऱ्या.

सकाळी विषय काढला, तर म्हणाले, "मुसलमानाच्या देशात बुद्ध? कोण सांभाळते त्याले?"

"तेच लोक, बाबा. पहारेकरीबी तेच."

बाबांची सगळी नोकरी आलापल्लीच्या जंगलात वनरक्षक म्हणून गेली. ते म्हणाले, "मीबी गोंड लोकाइच्या देवाची जागा राखलीच ना. माहा देव थोडीच होता तो."

पण येतो म्हणाले नाहीत. उगाच विचारलं का मी? दिवसभर तेच डोक्यात.

आत्ता बाजारातून आले, तर बाबा गच्चीच्या जिन्यावर, भिंतीला धरून.

"काय करून राह्यले, बाबा?"

"चढून पाह्यतो. चौथी खेप आहे."

धाप लागली होती. खालच्या पायरीवर बसले. "तुही आई असती तं माह्या पुढं चढून गेली असती. अन् वरून आवाज देल्ला असता."

मी शेजारी बसले.

मग म्हणाले, "तिकीट काढ. नाई जमलं तं मी खालीच बसतो. तू वर गेली का मले आवाज देजो."