मुळांची डॉक्टरीण

कोरेगाव, जि. सातारा
२ जून १९७४

चि. शालनास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू डॉक्टर झाल्याचे कळताच आईने आळीभर साखर वाटली. उसाच्या मुळांवर पाच वर्षे डोळे फोडलेस, त्याचे चीज झाले. पोस्टमनसुद्धा आता आपल्या घराला डॉक्टरीणबाईंचे घर म्हणतो.

माझ्या वैजूला चार दिवस ताप येतो-जातो. सात वर्षांची पोर, पण खेळायला उठत नाही. तुझी वहिनी म्हणते, साताऱ्याला दाखवू. आई म्हणते, घरात डाक्टर आसताना परक्याच्या दारात कशापायी जायचं? मलाही ते पटले. औषध लिहून धाड.

घरच्यांची आठवण ठेव.
तुझा दादा, हंबीरराव

विश्रामबाग, सांगली
६ जून १९७४

ती. दादांस शालनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आईला म्हणावं, साखर वाटण्याआधी लेक कशाची डॉक्टर झाली ते तरी विचारायचंस! दिवसभर मुळांची टोकं काचेवर चिरडायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशींतली गुणसूत्रं मोजायची, ही माझी डॉक्टरकी. पण खरं सांगू? तुम्ही औषध मागितलंत आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

वैजूला गुळवेलीचा काढा द्या, सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी. बांधावरच्या कडूलिंबावर चढलेली वेल घ्या, ती चांगली. या दिवसांत असा ताप येतोच, काळजीचं कारण नाही. चार दिवसांत हुंदडायला लागेल. न थुंकता प्यायली तर आत्या रिबिनी आणील, असं सांगा.

वडीलधाऱ्यांची माया अशीच राहो.
तुमची शालन

कोरेगाव
११ जुलै १९७४

चि. शालनास आशीर्वाद. वि. वि.

तुझा काढा एकही दिवस चुकवला नाही. आई स्वतः कुटते, गाळते, पाजते. बांधावरची वेल संपली म्हणून शेजारच्या नानासोच्या मळ्यातून आणली. ताप मात्र हटत नाही. पोरीच्या पायांवर काळेनिळे डाग उठले आहेत. आई म्हणते, कुटंतरी आपटली आसंल. पण आठवडाभर ती अंथरुणातच आहे, आपटणार कुठे? चूळ भरताना रक्त येते. वहिनी रोज साताऱ्याचे नाव काढते, तिला मी तुझे पत्र दाखवतो. काळजीचे कारण नाही, असे तू लिहिले आहेस.

काढा अर्ध्या वाटीचा पाऊण वाटी करू काय? उलट टपाली कळव.

दादा

विश्रामबाग
१३ जुलै १९७४

ती. दादा, नमस्कार.

तार केलीच आहे. तारेत कारण मावत नाही म्हणून हे पत्र. काढा बंद करा. वैजूला लगेच साताऱ्याला न्या आणि रक्त तपासायला सांगा. मी उद्या निघतेच, पण माझी वाट बघत थांबू नका.

मी डॉक्टर नाही, दादा. मुळांची आहे, माणसांची नाही. हे तुम्हाला चेष्टेत सांगितलं आणि पुढच्याच ओळीत औषध लिहिलं. साधा ताप वाटला, आणि मोठेपणा मिरवायची हौस आली. वहिनींचं ऐका. मला शिव्या मागाहून द्या.

शालन

कोरेगाव
९ ऑगस्ट १९७४

चि. शालन,

वैजूला घेऊन तू आणि वहिनी मुंबईला पोचलात, हे समजले. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला, ते आईपासून लपवून ठेवले आहे. पोरीला बाधा झाली, असे समजून ती रोज मीठमोहऱ्या ओवाळते.

गाडी सुटताना तुझ्याशी बोललो नाही. बोलावेसे वाटले नाही. खोटे कशाला लिहू? पोरीची खुशाली दर दोन दिवसांनी कळवत जा.

दादा

परळ, मुंबई
३ मार्च १९७५

ती. दादांस सा. न. वि. वि.

वैजू कालपासून हिंडते आहे. केस सगळे गेले, पण वॉर्डातल्या नर्सबाईंना हुकूम सोडते. तपासणीत आजाराच्या पेशी दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आजार दबला आहे, गेला असं समजू नका.

दुसरी गोष्ट. सांगलीच्या कॉलेजातल्या नोकरीचा मी राजीनामा पाठवला. तिच्या रक्ताची काच बघू द्या म्हणून इथल्या प्रयोगशाळेत रोज जाऊन बसत होते. शेवटी तिथल्या बाईंनी विचारलं, काय येतं तुला? गुणसूत्रं मोजता येतात, म्हटलं. त्यांनी कामावर ठेवून घेतलं. मोजण्याआधी मुळं ज्या औषधात भिजवत होते, तेच इथे काचेवर घेण्याआधी रक्ताच्या पेशींना देतात. उसात शंभराच्या वर मोजायची सवय, माणसात शेहेचाळीसच. पण कॅन्सरच्या पेशीत कधी एखादं जास्त, एखादं मोडलेलं. ते का, हे कुणाला नीट ठाऊक नाही. ऊस सोडला, दादा. आता याच पेशी.

राग असला तरी पत्र लिहीत राहा.
शालन

कोरेगाव
१९ नोव्हेंबर १९७५

चि. शालनास आशीर्वाद.

वैजूचे तेरावे झाले. तू प्रयोगशाळेत परत गेलीस ते बरे केलेस.

आई अन्नाला शिवत नाही. आजाराचे नाव आता तिला कळले आहे. म्हणते, माज्या हातानं पाजलं, मीच मारली माज्या नातीला. काही केल्या ऐकत नाही. म्हणून तुला विचारतो. काढ्यात गेले ते पाच आठवडे हाताशी असते, तर पोरगी जगली असती काय? तू रोज त्याच पेशी बघतेस. नाही म्हणालीस तर आईला घास जाईल. मलाही जाईल. पण खरे असेल तेच लिही.

दादा

परळ, मुंबई
२४ नोव्हेंबर १९७५

ती. दादांस सा. न. वि. वि.

नसती जगली, असं लिहून पाहिलं. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. इथले मोठे डॉक्टर म्हणतात, बहुधा फरक पडला नसता. बहुधा. वैजूच्या पेशींनी त्या पाच आठवड्यांत काय केलं, हे मला माहीत नाही. तिच्या काचा मी पुनःपुन्हा बघते, त्यात ते दिसत नाही. माहीत नसताना मी तुम्हाला एकदा लिहिलं. पुन्हा नाही लिहिणार.

माहीत आहे ते एवढंच, आणि ते शपथेवर सांगते. गुळवेलीने त्या आजाराला ना बळ दिलं, ना लगाम घातला. आईने पाजलं त्यात अपाय काही नव्हता. उशीर झाला तो माझ्या पत्राने.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा. उशिराची ओळ गाळू नका. तिला माझा राग आला तर येऊ द्या, पण तिला जेवायला बसवा.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा असू द्या.
शालन