डायचा दोष

३ नोव्हेंबर, रविवार
हरणांच्या शिकारीचा सीझन उघडायला महिना राहिला. शिकारीच्या कॅम्पवरच्या सगळ्यांची काडतुसं दरवर्षीप्रमाणे मीच घरी भरणार. दुकानातली काडतुसं काय, कोणीही विकत आणेल. तळघरात काडतुसं भरायचा प्रेस लावला, रिकाम्या पितळी पुंगळ्यांत बंदुकीची दारू मोजून घातली, वरून गोळ्या बसवायला घेतल्या. निम्म्या वाकड्या बसल्या. काडतूस टेबलावर घरंगळवलं की टोक डुगडुगतं. एका पुंगळीचं तोंडच चेपलं.
प्रेसमधला जो साचा गोळी दाबतो, ती डाय खराब आहे. हल्ली चांगलं पोलाद मिळतच नाही. डाय मी लग्नाच्या साली घेतली होती, पण तरी.

६ नोव्हेंबर, बुधवार
डाय उघडून रॉकेलने धुतली. आत मेणचट मळ. सापडला चोर!

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
पुन्हा वाकड्या. कॉफी सोडावी का? तशी निम्मी सांडतेच. हे नवे कपच भिकार आहेत.

१० नोव्हेंबर, रविवार
चर्चमधून जॅनेल आली, हॅम आणि बीन्सचं सूप घेऊन. पोरगी माझ्या चमच्याकडेच बघत होती. म्हणाली, बाबा, हात दाखवा बघू. म्हटलं, हाताला काय धाड भरलीय, तळघरात गारठा असतो. म्हणाली, अहो, आपण स्वयंपाकघरात बसलोय. मग डॉक्टरची वेळ घेऊ का, हे नेहमीचं. सीझननंतर बघू म्हटलं.
माझी आर्लीन असती तर तिने मुलीला गप्प केलं असतं. नाहीतर मला गाडीत कोंबून स्वतःच नेलं असतं. घरात फार शांत असतं हल्ली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
पुंगळ्यांची तोंडं आतून तासली, म्हणजे गोळी अडकायला नको. तळघरात हीटर लावला. डाय वर करून पाहिली, खाली करून पाहिली.
गोळ्यांचा डबाच वाईट निघाला असणार. उद्या दुसरा आणतो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
दुसराही तसलाच. आता काय बोलायचं!

१७ नोव्हेंबर, रविवार
मेहुणा आला. विल्मर. माझी काडतुसं हातात घेऊन म्हणाला, काय दाजी, यंदा काडतुसं भरलीत की केळी? मीही सुनावलं, म्हटलं, तुझ्या शर्टाची तीन टोकं भिंतीवर लटकतायत, तू बोलूच नकोस. आमच्या कॅम्पवर ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकतात. भिंत भरत आली आहे. माझं एकही नाही. कात्री नेहमी माझ्या हातात असते.
विल्मर खो खो हसला. मी त्याला कॉफी ओतून द्यायला गेलो, तेव्हा हसायचा थांबला आणि किटली माझ्याकडून काढून घेतली.
जाताना त्याच्या ट्रकच्या सीटवर दुकानातल्या काडतुसांचा खोका दिसला. शेजाऱ्याचा असेल.

२४ नोव्हेंबर, रविवार
जॅनेल तळघरात उतरली. म्हणाली, सरका बाबा, मी बघते. गोळी चिमटीत सरळ धरायची, डाय टेकेपर्यंत सोडायची नाही. मीच शिकवलं होतं लहानपणी. अख्खा खोका भरला तिने. सगळी काडतुसं टेबलावर घरंगळवून पाहिली. एकही डुगडुगलं नाही.
तिला समजावलं की मी डाय साफ केली त्याचा हा परिणाम. ती हो बाबा म्हणाली आणि वर जाऊन बराच वेळ दोनच बशा धूत बसली.
तिची काडतुसं कॅम्पवर मीच वापरणार. नवशिक्याच्या हातचा माल दुसऱ्यांच्या गळ्यात कसा मारायचा?

२ डिसेंबर, सोमवार. कॅम्प
सकाळपासून बर्फ. उजाडल्यावर मोठ्या शिंगांचा नर समोर येऊन उभा राहिला. आमच्या दारापासून फाटकाजवळची टपालपेटी असेल, तेवढाच लांब. रायफल फांदीवर टेकवली, तरी नळी हलायची थांबेना. बार केला. एका उडीत तो झाडीत गेला. रक्ताचा थेंब नाही.
काडतूस सरळ होतं. डाय साफ होती. गारठा म्हणावा तर अंगात दोन स्वेटर.
कॅम्पवर सगळ्यांनी बार ऐकला होता. मी आल्या आल्या सांगून टाकलं, हुकला. शर्ट पँटमधून बाहेर काढला आणि पाठ करून उभा राहिलो. कात्री खुंटीवर होती. कोणी उठेना. कोणी हसलंही नाही. शेवटी मीच म्हटलं, अरे, कापा की लेकांनो.
विल्मर चुलीपाशी सूप ढवळत होता. वर न बघता म्हणाला, राहू द्या दाजी, चांगला शर्ट आहे तुमचा.
चांगला कुठला! दोन्ही कोपरांना आर्लीनने लावलेली ठिगळं आहेत.