ओवून घेतलेली सुई

तिसगाव, मंगळवार, संध्याकाळ

सुनीलच्या टोपीवर मी हिटलरचं चिन्ह भरलं. त्याखाली किती माणसं मारली गेली, ते मी वाचनालयाच्या पुस्तकात वाचलंय. तरी भरलं. हे गेल्यापासून पोरगा पहिल्यांदाच जवळ येऊन बसला होता.

“लोक थुंकतात यावर,” मी म्हणाले.

“म्हणून तर, आई! चिडले की लोकच या टोपीचा फोटो पसरवतात. आन् जो चिडत न्हाई, तो आपला.”

मी चिडले नाही. मग मी कुणाची?

भरायला बसले तेव्हा सुईत दोरा जाईना, तर शेजारच्या शबानाभाभीने ओवून दिला. “सुनीलसाठी? मग दुहेरी घे, टिकंल.” त्याच्या मोबाईलवरच्या टोळक्याला तिच्यासारखीच माणसं गावात नकोत, हे मला ठाऊक होतं.

आज टाके उसवले. दुहेरी दोरा, लवकर निघेना. उद्या भाभीला सांगणार आहे, सुई कशासाठी ओवून घेतली ते.