मामाने न दिलेली भाडेपावती

मुलुंड, २ मार्च १९८६

ती. आयेस,

लवूचा नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, मामाकडे मामीच्या हातचं दोन वेळ जेवतो. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे?

बढती झाल्यापासून पगारातून आयकर कापतात. घाबरू नकोस, सगळ्या पगारावर नसतो. ठराविक रकमेपर्यंत माफ, त्याच्या वरच्या भागावरच लागतो. घरभाड्याची पावती दाखवली तर आणखी सूट मिळते.

तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो, पण तुझा भाऊ माझ्याकडून दर एक तारखेला भाडं घेतो. काल पावती मागितली, तर म्हणतो, "पावती दिली की ती माझी कमाई धरतील, कर मलाच बसेल. आणि आपल्या माणसांत पावत्या कसल्या रे?"

शिसारी आली गो! भाडं घेताना आपला माणूस कुठे जातो?

गावात सांगतो, भाच्याला फुकट ठेवलाय. आता सरकारलाही तेच सांगणार.

भांडलो नाही, काळजी करू नकोस. भाऊबीजेला त्याने पाठवलेलं लुगडं तू अजून ट्रंकेत जपून ठेवलंयस ना? काढ आणि गोठ्यात जातानासुद्धा नेस. ते माझ्या भाड्यातलं आहे.

तुझा,
लवू