सरळ दात्यांची मोटार

अण्णा,

आज अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या गॅरेजवाल्यानं मला तुमचंच लेक्चर ऐकवलं. नवी गाडी मागे घेताना कूंऽऽ करून किंचाळते, म्हणून तक्रार घेऊन गेले होते. तो म्हणतो, "आंटीजी, फॉल्ट नहीं है. बाकी सब गिअर तिरछे दाँत के, रिव्हर्स का सीधा. आवाज तो करेगा ना!" डोकंच फिरलं माझं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पाठ सोडत नाही तुम्ही.

संस्थान विलीन झालं, तुम्ही महाराजांच्या मोटारखान्यातून मध्य भारत सरकारच्या वर्कशॉपात आलात, आणि काय सुचलं कोण जाणे, आपल्या जुन्या मोटारीत सरळ दात्यांचे गिअर कापून बसवलेत. आई म्हणाली, "अहो, लोकांच्या मोटारी गुपचूप जातात, आपलीच का बोंबलते?" झालं! तुम्हाला तेवढंच हवं असायचं. पोळीचा तुकडा हातात तसाच, आणि तुम्ही सुरू. सरळ दाता अख्खा एकदम भिडतो, म्हणून आवाज. पण तो बाजूला रेटत नाही, बेअरिंग खात नाही, सिमरोलचा घाट चढताना ताकद वाया घालवत नाही, मोडला तर इथेच कापून मिळतो. तिरपा दाता हळूहळू भिडतो, म्हणून गोड चालतो, पण सारखा बाजूला जोर मारतो. "गोड बोलायचं आणि बाजूनं ढकलायचं," असं म्हणून तुम्ही नेमके जेवायला आलेल्या मामाकडे बघायचात. आई कपाळाला हात लावायची. पण छत्रीबागेतल्या आपल्या स्वयंपाकघरात तिला नदीच्या पुलावरूनच तुमची मोटार ऐकू यायची, आणि शिव्या देत का होईना, ती तवा चढवायची.

मला ती मोटार चालवायची होती. आईचा सक्त विरोध. "उद्या सासरी काय ड्रायव्हर म्हणून पाठवायचीय?" म्हणून तुम्ही चोरून शिकवायचात, सिमरोलच्या रस्त्यावर. शिकवायचात कसले, खेकसायचात! क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, रेस दे, परत दाब, आता टाक. जरा चुकलं की खर्रर्र. "कान गहाण ठेवलेस का? हातानं नको, कानानं टाक!" मला तुमच्या तोंडून एकदाच "बरा टाकलास" ऐकायचं होतं. पण तुमची जीभ कसली उचलतेय!

मग ती दुपार. पूल येतोय, मी रेस देते, गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. मी तुमच्याकडे बघते, तर तुम्ही खिडकीबाहेर म्हशी बघताय! गल्लीच्या तोंडाशी आपण जागा बदलल्या, घरात आलो. आई पोळी उलटत म्हणाली, "अहो, आज पुलावर गिअर काय सुरेख टाकलात! खरखर नाही की काही नाही." मी दारातच थांबले, आता तरी सांगाल म्हणून. आणि तुम्ही पाय धूत म्हणालात, "हूं. जमला आज."

जमला आज! माझा गिअर तुम्ही सरळ खिशात घातलात.

खरं सांगितलं असतं तर आईनं माझं शिकणंच बंद केलं असतं, हे कळतं हो मला. पण नंतर काय अडलं होतं? शेवटच्या आजारात त्याच मोटारीतून मी तुम्हाला दवाखान्यात नेत होते, आईच्या डोळ्यांदेखत. तेव्हाही मागच्या सीटवरून काय ऐकू आलं? "रेस कमी पडली." दुसरं काही नाही.

तुम्ही गेल्यावर एकदा आईसमोर मी हे सगळं ओकले. ती शांतपणे म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं गं. ह्यांनी जन्मात इतका बरा गिअर टाकला नव्हता." म्हणजे तिलाही माहीत, तुम्हालाही माहीत, आणि मला सांगायचं तेवढं दोघांच्या जिवावर आलेलं. धन्य आहे तुम्हा दोघांची!

हे पाठवायचं कुठे? राहील इथेच, चष्म्याच्या डबीखाली. एक मात्र सांगते. गॅरेजमधून आल्यावर गाडी फाटकाच्या आत नीट लावून झाली होती. तरी परत बाहेर काढली आणि पुन्हा मागे घेतली, नुसता तो आवाज ऐकायला. खोटं कशाला बोलू, दोनदा. मग आत आले आणि तवा चढवला.