दाजींचं कार्य शून्य

परदेशीपुरा, इंदूर
दि. १८ जून १९९३

चि. ज्ञानदीप यास,
कांताताईचा सप्रेम जयभीम.

तुझं पार्सल परवा नागपूरहून आलं. शीलासाठी विज्ञानाचं पुस्तक एक, पेनं दोन, माझ्यासाठी ब्लाऊजपीस. तिकिटं कमी लावली होतीस, म्हणून पोस्टमनने माझ्याकडून साडेचार रुपये घेतले. मास्तर माणूस तू, पार्सल तोलून तिकिटं लावतात हे मी सांगायचं? या पौर्णिमेचा उपवास झाला, विहारात वंदना झाली. तुझ्या दाजींची तब्येत ठीक आहे.

पुस्तक शीलाने उघडलेलं नाही. मामाकडून आलं म्हणून.

बुद्धपौर्णिमेला तू भाचीला शिकवायला बसलास, मला केवढा आनंद झाला होता! बल लावलं आणि वस्तू सरकली तरच कार्य, भिंत दिवसभर ढकलली तरी कार्य शून्य. इथवर ठीक. मग सगळ्या पाहुण्यांपुढे दाजींकडे बोट केलंस. "हे बघ जिवंत उदाहरण! मिल बंद झाल्यापासून दाजी गेटवर धरणं धरून बसलेत. बल फुल्ल! पण गेट उघडलं? विस्थापन शून्य, दाजींचं कार्य शून्य!" लोक हसले. तेही हसले. खीर अर्धी टाकून हात धुवायला उठले, ते तू बघितलं नाहीस. मी बघितलं.

शीलाने तेव्हाच विचारलं होतं, "मामा, भरलेली बादली नुसती धरून ठेवली तरी हात भरून येतो. मग ते कुठं जातं?" तू म्हणालास, "अगं, शरीराची ऊर्जा खर्च होतेच, फक्त ती बादलीवरच्या कार्यात धरत नाहीत." पण हे हळूच म्हणालास. थट्टा जोरात आणि खरं हळूच, ही कुठली रे मास्तरकी?

वर तब्येत ठीक लिहिलं ते सवयीने. ठीक नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते गेटवर गेले नाहीत. भाड्याने हातठेला घेतला, बाजारातून गोदामात कापडाच्या गाठी पोचवतात. पंचावन्न वर्षांचा माणूस, जुना हर्निया, वर पट्टा बांधून. मी अडवलं तर म्हणतात, "अब तो विस्थापन हो रहा है ना, कांता? सांग आपल्या मास्तरला." हसत म्हणतात. त्या हसण्यानेच माझा जीव घाबरतो.

सोमवारी पुलाच्या चढावर भरलेला ठेला मागे यायला लागला. मागे भाजीवाल्या बाया बसलेल्या. यांनी छाती लावून तो रोखून धरला, लोक धावून येईपर्यंत. ठेला बोटभर हलला नाही. यांचं आतडं खाली उतरलं. सांग मास्तर, कार्य किती झालं?

डॉक्टरांनी ते आत बसवलं, पण म्हणाले, पुन्हा उतरून अडकलं तर जिवावर बेतेल. ऑपरेशन लगेच करा आणि नंतर तीन महिने पूर्ण आराम. ऑपरेशनच्या कागदावर हे सही करत नाहीत. "तीन महिने खाटेवर? फिर तो मामा सही बोला था." भंतेजींनी समजावलं, मी रडले, शीला पाया पडली. काल पट्टा बांधून पुन्हा निघाले होते. मी दारात आडवी उभी राहिले.

माझं ऐकत नाहीत आणि तुझा एक शब्द मनात धरून बसतात, कारण तू शिकलेला. याचाच मला जास्त राग येतो.

मला पैसे पाठवू नकोस. माफीचं गोड पत्रही नको, फाडून टाकेन. पत्र त्यांना लिही. लिही की जागेवर उभा राहूनही माणूस खर्ची पडतो, हे विज्ञानातच आहे, आणि तू त्या दिवशी हसं करायला अर्धंच सांगितलंस. पुस्तकातलं पान किती ते घाल, नाहीतर म्हणतील ताईने लिहवून घेतलं. आणि आराम करा म्हणून हात जोडून लिही.

ऑपरेशनला २९ तारीख मिळाली आहे. सही त्याआधी व्हायला हवी. उलट टपाली लिही, आणि या वेळी तिकिटं पुरी लाव.

अजून तरी तुझी ताई,
कांता