ज्या पाण्याचे जीव त्या पाण्याला

मी, श्रीमती रत्नाबाई पार्श्वनाथ मगदूम, वय चौऱ्याहत्तर, राहणार पेठ वडगाव, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेब म्हणाले. कोणी धमकावले नाही, कोणी लाडीगोडी लावली नाही. लावली असती तरी मी बधले नसते, हे गल्लीला माहीत आहे.

कलम १. राहते घर माझा मुलगा पारस आणि सून स्नेहल या दोघांच्या नावे. दोघांच्या म्हणजे दोघांच्या. माझ्या पाटल्या स्नेहलला, कारण तिने माझी कटकट सोसली आणि एकदाच उलट बोलली. त्या दिवशी चूक माझीच होती.

कलम २. पाणी गाळायची फडकी, एकूण चार, स्नेहलने वापरावीत किंवा पुसायला घ्यावीत. मी वरून बघायला येणार नाही.

कलम ३. परड्यातली विहीर. यजमानांनी ती जागेसकट माझ्या नावावर केली होती. नळ आल्यापासून पारस म्हणतो, "आई, त्या भोकात आता काय राह्यलंय? बुजवून टाकू की." काय राहिले आहे, ते सांगते.

आम्हा जैनांच्यात पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात. फडक्यावर राहिलेले बारीक जीव त्याच पाण्यात परत सोडायचे, दुसऱ्या पाण्यात नाही. लग्नानंतर पहिल्याच सकाळी सासूबाईंनी बजावले होते, "ज्या पाण्याचं जीव त्या पाण्याला." मी पंचेचाळीस वर्षे ते पाळले. त्यात नेमके काय सोडते आहे, हे मात्र एकदाही वाकून बघितले नाही.

अकरा वर्षांपूर्वी नातीला, अपूर्वाला, कावीळ झाली. पोर नऊ वर्षांची, डोळे हळदीसारखे. माझा जीव उडाला. दोन मुठींचे काम असताना मी पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरची अख्खी पिशवी विहिरीत ओतली. पुढे दोन दिवस तेच पाणी गाळत होते आणि मेलेले जीव णमोकार म्हणत परत सोडत होते. इतकी मी शहाणी!

तिसऱ्या दिवशी मासे पालथे होऊन वर आले. गल्ली गोळा झाली. शेजारची बाळाबाई ओरडली, "कुणी केलं ह्ये?" पारस पुढे झाला. "म्या टाकली पावडर. काय म्हणणं हाय?" मी त्याला बोलू दिले, फडके पिळत राहिले. तेव्हापासून माझ्या पोराला गाव 'पावडर पारस' म्हणते. दूध डेअरीत म्हणतात, लग्नाच्या पंगतीत म्हणतात. विहीर त्याला का नको आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. पावडर मी टाकली. हे मी इथे लिहून देते.

मग मी आणखी एक पाप केले. त्याच संध्याकाळी कळशी घेऊन बाळाबाईच्या विहिरीवर गेले आणि तिच्या पाण्यातले जीव मागितले. ती म्हणाली, "इरजण मागाय आलीस व्हय? आनी तुमच्यात दुसऱ्याच्या पाण्यात सोडत न्हाईत न्हवं?" मी म्हटले, "माझ्या पाण्यात कोण उरलंय?" तिने कळशी भरून दिली.

पण जीव आणून सोडावेत आणि ते मरून जावेत. पावडरीचा वास जाऊन दोन महिने झाले तरी तेच. का? मला झोप लागेना. मी रोज पाण्यावरची उंबराची पाने काढत होते, पायऱ्यांचा हिरवा थर काथ्याने घासत होते. स्वच्छता! मग गुडघा गेला आणि महिनाभर खाली उतरणे बंद झाले. पाने कुजली. ऊन पोचते त्या पायऱ्यांवर शेवाळ धरले. पुढच्या खेपेला फडक्यावर काहीतरी वळवळले. मी इतकी हसले की स्नेहल धावत आली.

तेव्हा समजले की नुसते जीव आणून भागत नाही. त्यांना कुजके पान लागते, ऊन लागते, दगड लागतो. शेवाळ आले तेव्हा गोगलगायी आल्या. डासांच्या अळ्या झाल्या तेव्हा बेडूक आला. सासऱ्यांनी एका बाजूला सिमेंट केले होते, तिथे तो आजही बसत नाही. सुट्या दगडांच्या सांदीत बसतो. त्याच सांदीतून पाणीही झिरपते. उंबराची मुळे त्याच सांदीत आहेत. दगड निर्जीव, हे मी शाळेत सातवीपर्यंत शिकले होते. निर्जीव असेल, पण रिकामटेकडा नाही.

कलम ४. हे सगळे बघून मी टिपून ठेवले, त्या सात वह्या आणि बघायचे भिंग अपूर्वाला. ती कोल्हापुरात कॉलेजात शिकते. शेवटच्या वहीत एक प्रश्न आहे, तोही तिलाच. मासे परत आले, ते कुठून? मी आणले नाहीत. पुराचे पाणी आमच्या परड्यापर्यंत येत नाही. बाळाबाई म्हणते, बगळ्याच्या पायाला अंडी चिकटून आली. मला पटत नाही, पण खोडताही येत नाही. छडा लागला तर माझ्या फोटोसमोर सांगू नकोस. तुझ्या आईला सांग, तिलाही हे आवडते.

कलम ५. विहीर पारसला. वकीलसाहेबांनी नऊ अटी लिहून दिल्या होत्या: बुजवू नये, विकू नये, वगैरे. त्या सगळ्या मी खोडल्या. माझे खोटे ज्याने अकरा वर्षे अंगावर वागवले, त्याला अटी घालणारी मी कोण? पारस, बुजवायची तर बुजव. त्याआधी एकदा भर दुपारी, ऊन तळाला पोचते तेव्हा, काठावर बस. बाकी तुझी मर्जी. मला तुझी लाज कधीच वाटली नाही रे, माझी वाटत होती.

हा कागद मी आज परड्यात बसून, पारसच्या देखत, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि मगच सही केली.

पेठ वडगाव, दिनांक १२ मार्च २०२४
(सही) रत्नाबाई पार्श्वनाथ मगदूम

साक्षीदार १. डॉ. विजयसिंह घोरपडे. लिहून देणार यांना तपासले. शुद्धीवर आहेत, वाचताना थोड्या रडल्या.

साक्षीदार २. बाळाबाई कृष्णात पाटील, निशाणी डावा अंगठा. त्यांनी सांगितले तसे डॉक्टरांनी लिहून घेतले: "पावडर कुणी टाकली त्ये मला तवाच कळलं हुतं. कळशी पुढं केली तवा हिच्या हाताला वास येत हुता. तरीबी पानी दिलं."